जुने ते सोने. पण कसोटीवर घासूनच!

सॉफ्टवेअरच्या गरजा, मॉडेल आणि पुनर्वापर : एका अग्निबाणाच्या अपघाताने शिकवलेले शास्त्र

दिवस ४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथील अवकाशतळावरून 'एरियन-५' या नव्या युरोपीय अग्निबाणाने पहिली झेप घेतली. पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले 'क्लस्टर' मालिकेचे चार उपग्रह त्याच्या पोटात होते. अनेक देशांतील शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची मेहनत त्यांत गुंतली होती. उड्डाणाची प्रक्रिया सुरू झाल्यापासून जेमतेम चाळीस सेकंद झाले असतील. सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाणाने अचानक तिरके वळण घेतले, त्याचे तुकडे होऊ लागले आणि स्वयंविनाश यंत्रणेने त्याचा स्फोट घडवून आणला.

इंजिनात दोष नव्हता, इंधन गळलेले नव्हते, हवामानानेही दगा दिला नव्हता. घात केला तो सॉफ्टवेअरच्या एका छोट्या भागाने. विशेष म्हणजे हा भाग नवखा किंवा घाईघाईत लिहिलेला नव्हता. आधीच्या 'एरियन-४' अग्निबाणावर तो वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता आणि म्हणूनच तो जसाच्या तसा उचलून नव्या अग्निबाणात बसवण्यात आला होता.

संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत आजही हा अपघात शिकवला जातो. सॉफ्टवेअरकडून नेमके काय हवे ते ठरवणे, त्याचे मॉडेल तयार करणे आणि जुन्या भागांचा पुनर्वापर करणे या तीन गोष्टी परस्परांवर किती अवलंबून असतात, हे या एका घटनेतून स्पष्ट होते.

एका आकड्याने केलेला घात

अपघातानंतर फ्रेंच गणितज्ज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समितीचा अहवाल १९ जुलै १९९६ रोजी आला. तांत्रिक विषयावर असूनही तो अत्यंत सुबोध आहे.

अग्निबाण कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे, याची माहिती त्यातील जडत्वीय दिशादर्शक यंत्रणा मुख्य संगणकाला पुरवते. अशा दोन यंत्रणा 'एरियन-५' वर होत्या. एक कार्यरत आणि दुसरी राखीव. दोन्हींतील यंत्रसामग्री एकसारखी होती आणि सॉफ्टवेअरही एकच होते.

या सॉफ्टवेअरमध्ये अग्निबाणाच्या आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या ६४ बिटांच्या दशांश रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. सोळा बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त ३२,७६७ एवढीच संख्या मावते. मावशेराच्या मापात पायली ओतली तर धान्य सांडणारच, तसाच हा प्रकार. 'एरियन-४' च्या उड्डाणमार्गावर ही संख्या कधीच एवढी मोठी होत नसे. 'एरियन-५' चा मार्ग मात्र वेगळा होता. सुरुवातीच्या सेकंदांत त्याचा आडवा वेग जुन्या अग्निबाणाच्या सुमारे पाचपट वाढत होता. संख्या मापाबाहेर गेली आणि सॉफ्टवेअरने चूक झाल्याची नोंद करून यंत्रणाच बंद केली.

आधी राखीव यंत्रणा बंद पडली. पाठोपाठ, ७२ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने, त्याच कारणासाठी कार्यरत यंत्रणाही बंद पडली. एक यंत्र बिघडल्यास दुसरे हाताशी असावे हा विचार यंत्रसामग्रीच्या बाबतीत योग्य ठरतो. पण दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर असेल तर एकाची चूक तीच दुसऱ्याची चूक होते. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाची सांकेतिक माहिती पाठवली. मुख्य संगणकाने तीच उड्डाणाची माहिती समजून इंजिनांची तोंडे पूर्ण वळवली. पुढचा विनाश अटळ होता.

ज्या कामाची गरजच नव्हती

या घटनेतील सर्वांत चटका लावणारा भाग पुढेच आहे. ज्या गणिताने अग्निबाण पाडला, त्या गणिताचा 'एरियन-५' ला उड्डाणानंतर काहीही उपयोग नव्हता.

हे गणित दिशादर्शक यंत्र उड्डाणापूर्वी अचूक जुळवून घेण्यासाठी केले जात असे. 'एरियन-४' मध्ये ते जमीन सोडल्यानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेले होते. त्यामागे कारण होते. उलटी मोजणी शेवटच्या काही सेकंदांत थांबवावी लागली, तर यंत्र पुन्हा जुळवण्यात पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ मोडू नये, अशी ती सोय होती. १९८९ मधील एका उड्डाणात ती प्रत्यक्ष उपयोगीही पडली. 'एरियन-५' ची पूर्वतयारीची पद्धत निराळी असल्याने ही सोय तेथे लागतच नव्हती. तरीही, चांगल्या चाललेल्या सॉफ्टवेअरला कशाला हात लावा, या विचाराने ती तशीच ठेवण्यात आली.

मापाबाहेर जाऊ शकतील अशा सात संख्या अभियंत्यांनी पूर्वी हेरल्या होत्या. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले गेले आणि तीन तशाच सोडल्या गेल्या. हा हलगर्जीपणा नव्हता. संगणकावरील भार ८० टक्क्यांपेक्षा अधिक होऊ नये असे बंधन होते आणि त्या तीन संख्या मर्यादेतच राहतील असा हिशेब होता. 'एरियन-४' पुरता तो हिशेब बरोबर होता. दोष एवढाच, की त्यामागील गृहीतक सॉफ्टवेअरबरोबर नव्या अग्निबाणाकडे पोहोचले नाही. ते मोठमोठ्या कागदपत्रांच्या ढिगात दडून राहिले.

गरज म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत 'रिक्वायरमेंट', म्हणजे प्रणालीकडून असलेल्या गरजा, हा पहिला आणि सर्वांत अवघड टप्पा मानला जातो. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या 'नो सिल्व्हर बुलेट' या गाजलेल्या निबंधात नेमके काय बांधायचे हे ठरवणे यालाच सॉफ्टवेअर निर्मितीतील सर्वांत कठीण काम म्हटले आहे.

गरजांचे स्थूलमानाने दोन प्रकार केले जातात. प्रणालीने काय करावे हे सांगणाऱ्या त्या कार्यात्मक गरजा. बँकेच्या यंत्रातून पैसे निघावेत, रेल्वेचे आरक्षण व्हावे, या त्या प्रकारातल्या. ते काम किती वेगाने, किती सुरक्षितपणे आणि किती भरवशाने व्हावे हे सांगणाऱ्या त्या गुणात्मक गरजा. 'एरियन' मधील ८० टक्के भाराचे बंधन हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

पण एवढ्याने भागत नाही. ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मायकेल जॅक्सन (प्रख्यात गायकाशी केवळ नामसाधर्म्य!) आणि त्यांच्या सहकारी पामेला झेव्ह यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. बाहेरच्या जगात काय घडावे ही झाली गरज. यंत्राने काय करावे हा झाला तपशील. या दोहोंना जोडणारा तिसरा दुवा म्हणजे त्या जगाविषयीची गृहीतके. गृहीतके बदलली, तर तपशील तंतोतंत पाळूनही गरज पूर्ण होत नाही.

घराचे उदाहरण घेतल्यास हे सहज कळेल. सोलापूरकडील माळवदाचे घर तेथील उन्हाला आणि तुटपुंज्या पावसाला उत्तम साजेसे असते. तेच घर विटेला वीट जुळवून रत्नागिरीत बांधले, तर पहिल्याच पावसाळ्यात छप्पर गळेल. येथे गवंडी चुकलेला नसतो आणि आराखडाही चुकलेला नसतो. पाऊस कमीच पडणार, हे आराखड्यात कोठेही न लिहिलेले गृहीतक तेवढे चुकलेले असते. 'एरियन-५' च्या बाबतीत हेच झाले. दिशादर्शक यंत्रणेच्या गरजांत नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी समाविष्टच केलेली नव्हती, असे समितीने नोंदवले आहे.

आराखडा आधी, बांधकाम नंतर

गरजा शब्दांत लिहिल्या की प्रत्येक जण त्यांचा आपापल्या परीने अर्थ लावतो. यावर उपाय म्हणून मॉडेल तयार करण्याची पद्धत रूढ झाली. इमारतीच्या नकाशावरून मालक, वास्तुरचनाकार आणि गवंडी एकाच घराविषयी बोलू शकतात, तसेच सॉफ्टवेअरच्या मॉडेलचे आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी अशा आकृत्या काढण्याच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या आणि प्रत्येकीचे अनुयायी आपलाच झेंडा मिरवत होते. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघा तज्ज्ञांनी आपापल्या पद्धती एकत्र आणल्या. त्यातून 'युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज', अर्थात 'यूएमएल', जन्माला आली. 'ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप' या संस्थेने १९९७ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

'यूएमएल' मध्ये वेगवेगळ्या प्रश्नांसाठी वेगवेगळ्या आकृत्या आहेत. वापरणारा कोण आणि त्याला काय साधायचे आहे, हे 'यूज केस' दाखवते. प्रणालीत कोणते घटक आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे 'क्लास' आकृती सांगते. कोणत्या घटकाने कोणाला केव्हा निरोप पाठवला, हे 'सीक्वेन्स' आकृतीत दिसते. एखादी वस्तू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते, हे अवस्था-आकृतीत मांडले जाते. डेव्हिड हारेल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्टेटचार्ट' कल्पनेचा या शेवटच्या प्रकारावर मोठा प्रभाव आहे. पुढे यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांचा एकत्रित विचार करण्यासाठी 'सिसएमएल' ही भाषा पुढे आली. तिच्यात गरजांसाठी स्वतंत्र आकृतीच आहे. कोणती गरज कोणता घटक पूर्ण करतो आणि कोणत्या चाचणीने ती पडताळली जाते, याचा माग त्यात ठेवता येतो.

मॉडेल हे वास्तव नव्हे, हे मात्र विसरून चालत नाही. 'एरियन-५' च्या जमिनीवरील सर्वंकष चाचण्यांत खरी दिशादर्शक यंत्रणा जोडलेली नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारे सॉफ्टवेअर वापरण्यात आले. नकलेत मूळचा दोष उतरला नव्हता, त्यामुळे चाचण्या सुरळीत पार पडल्या. खरी यंत्रणा नव्या मार्गाच्या आकडेवारीवर चालवून पाहिली असती, तर हा दोष जमिनीवरच उघड झाला असता, असा समितीचा निष्कर्ष आहे.

सुट्या भागांचे स्वप्न

पुनर्वापराची कल्पना सॉफ्टवेअर अभियांत्रिकीइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो' च्या पुढाकाराने एक परिषद भरली. 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हा शब्दप्रयोग या परिषदेमुळेच सर्वतोमुखी झाला. तेथे 'बेल लॅब्ज' चे डग्लस मॅकिलरॉय यांनी एक सूचना मांडली. अन्य उद्योगांत सुटे भाग ठरावीक मापांत तयार मिळतात, तसे सॉफ्टवेअरचे भागही ठोक प्रमाणात बनवावेत आणि सूचीतून निवडून वापरावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे स्वप्न टप्प्याटप्प्याने साकारले. नॉर्वेतील उले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांच्या 'सिम्युला-६७' या भाषेने वस्तुकेंद्री रचनेचा पाया घातला. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये, प्रत्येक भागाने आपले अंतर्गत गुपित आपल्यापाशी ठेवावे आणि बाहेर फक्त ठरलेली खिडकी उघडी ठेवावी, हे तत्त्व मांडले. १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस यांचे 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक आले. तयार सॉफ्टवेअरप्रमाणे तयार विचारही पुन्हा वापरता येतो, हे त्याने दाखवून दिले. ही प्रेरणा त्यांना ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराच्या लेखनातून मिळाली होती.

पुनर्वापराचे फायदे उघड आहेत. वेळ वाचतो, खर्च कमी होतो आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या भागातील बहुतेक चुका निघून गेलेल्या असतात. धोका असतो तो परिस्थिती बदलल्यावर. 'थेरॅक-२५' या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. त्यातील सॉफ्टवेअरचे काही भाग आधीच्या यंत्रांतून घेतलेले होते. आधीच्या 'थेरॅक-२०' मध्ये धोका टाळणारे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील चूक झाकली जात होती. नव्या यंत्रात ते अडसर काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला गेला आणि झाकलेली चूक जिवावर बेतली.

करारनामा हवाच

'एरियन' च्या अपघातानंतर बर्ट्रांड मेयर आणि जाँ-मार्क जेझेकेल यांनी १९९७ मध्ये एक लेख लिहून उपाय सुचवला. कराराशिवाय पुनर्वापर म्हणजे निव्वळ वेडेपणा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. मेयर यांच्या 'आयफेल' या भाषेत प्रत्येक भागाबरोबर त्याच्या अटी लिहिता येतात. आत येणारी माहिती कशी असावी ही पूर्वअट, काम संपल्यावर कशाची हमी राहील ही उत्तरअट. 'आडव्या वेगाची ही संख्या ३२,७६७ च्या आत असावी', ही एक ओळ त्या सॉफ्टवेअरच्या कपाळावर लिहिलेली असती, तर नव्या अग्निबाणासाठी ते निवडताना कोणाच्या तरी नजरेस ती पडली असती, असा हा युक्तिवाद आहे.

सर्वांनाच तो पटला असे नाही. मूळ चूक गरजा ठरवण्यात आणि चाचण्या गाळण्यात होती, केवळ भाषा बदलून ती टळली नसती, असा आक्षेप काही अभियंत्यांनी घेतला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लिहिलेली अट वाचली आणि पडताळली गेली तरच तिचा उपयोग. पण मुळात लिहिलीच नाही, तर पडताळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुण्यातील संशोधन

या शास्त्राशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. टाटा उद्योगसमूहाने १९८१ मध्ये पुण्यात 'टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर' ही संशोधन संस्था स्थापन केली. आधी मॉडेल तयार करायचे आणि त्यावरून सॉफ्टवेअरचा मोठा भाग यंत्राकरवीच लिहवून घ्यायचा, या पद्धतीवर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले. 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस' च्या 'मास्टरक्राफ्ट' या साधनसंचाला त्याचा आधार मिळाला. तंत्रज्ञान बदलले तरी व्यवसायाचे मॉडेल कायम राहते आणि त्याच मॉडेलवरून नव्या तंत्रज्ञानासाठी सॉफ्टवेअर पुन्हा तयार करता येते, हा यामागील विचार होय. येथे पुनर्वापर होतो तो मॉडेलचा.

जुनाच प्रश्न, नवे रूप

मॅकिलरॉय यांची सुट्या भागांची सूची आज प्रत्यक्षात आली आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे असंख्य तयार भाग महाजालावर विनामूल्य मिळतात आणि नवे सॉफ्टवेअर बव्हंशी त्यांच्याच आधारे उभे राहते. त्याबरोबर जुना प्रश्नही नव्या रूपात आला आहे. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींचा 'लेफ्ट-पॅड' हा भाग त्याच्या कर्त्याने काढून घेतला आणि त्यावर विसंबलेल्या अनेक प्रकल्पांची कामे अडली. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदी ठेवणाऱ्या 'लॉगफोरजे' या भागात गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला, तेव्हा हा भाग आपल्या प्रणालीत नेमका कोठे दडला आहे, हे शोधण्यातच जगभरच्या संस्थांची धावपळ झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमलाही हाच नियम लागू होतो. तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे वापरणाऱ्यालाच तपासावे लागते.

'एरियन' ची कथा मात्र अपघाताशी संपली नाही. समितीच्या शिफारशींनुसार सुधारणा झाल्या. 'क्लस्टर' चे चार उपग्रह पुन्हा बांधण्यात आले आणि २००० मध्ये बैकानूर येथून रशियन सोयूझ अग्निबाणांनी ते अवकाशात नेले. त्याच वर्षी 'एरियन-५' ने भारताचा 'इन्सॅट-३बी' उपग्रह कक्षेत पोहोचवला. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण याच अग्निबाणाने अचूक मार्गाला लावली. जुलै २०२३ मध्ये 'एरियन-५' निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ११७ उड्डाणे होती.

पुनर्वापर करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

* हा भाग मूळ कोणत्या गरजेसाठी लिहिला होता? ती गरज नव्या प्रणालीत आहे काय? नसल्यास तो चालू का ठेवायचा?
* त्यामागील गृहीतके लिहून ठेवलेली आहेत काय? नव्या परिस्थितीत ती टिकतात काय?
* आत येणाऱ्या माहितीच्या मर्यादा कोणत्या? त्या ओलांडल्यास तो थांबेल, चुकीचे उत्तर देईल, की शक्य तितके काम चालू ठेवील?
* राखीव यंत्रणेतही हाच भाग असल्यास दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत, याची व्यवस्था काय?
* चाचणी खऱ्या भागावर आणि नव्या परिस्थितीच्या आकडेवारीवर झाली आहे काय, की केवळ नकलेवर?